फ्रान्सवर इंग्लंडचं राज्य 1801 पर्यंत होतं का?

एक फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय की इंग्लंडचे राजे 1801 पर्यंत फ्रान्सचेही राजे होते, म्हणजे तोवर फ्रान्स इंग्रजांच्या ताब्यात होता. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण अर्धी गोष्ट खरीच आहे.

किताब होता, राज्य नव्हतं. झालं असं की 1328 मध्ये फ्रान्सचा राजा मुलगा नसताना वारला, इंग्लंडचा तिसरा एडवर्ड त्याच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा, पण फ्रेंच सरदारांनी आईकडून आलेला हक्क मानला नाही आणि वारलेल्या राजाच्या चुलत भावाला गादीवर बसवलं. 1340 मध्ये एडवर्डने स्वतःच 'फ्रान्सचा राजा' ही पदवी लावून टाकली. पुढे 1431 मध्ये एका इंग्रज राजाचा पॅरिसमध्ये राज्याभिषेकही झाला, पण तेव्हाही अर्धा फ्रान्स दुसऱ्याच राजाला मानत होता. 1453 नंतर हातात उरलं फक्त कॅले बंदर आणि आसपासचा भाग, तोही 1558 मध्ये गेला.

म्हणजे नंतरची 240 वर्षं नुसती पाटी! गंमत म्हणजे फ्रान्सने 1792 मध्ये राजेशाहीच काढून टाकली तरी लंडनमध्ये पदवी चालूच, ती सुटली 1801 मध्ये आयर्लंडशी विलीनीकरण झालं तेव्हा.

स्वतः तपासायचं असेल तर 1790 च्या आसपासच्या गिनीचा (इंग्लंडच्या सोन्याच्या नाण्याचा) फोटो शोधा, नाण्यावरच्या ढालीवर फ्रान्सची लिलीची फुलं दिसतील. मग 1817 चं सॉव्हरिन हे सोन्याचं नाणं बघा, त्यावर फ्रान्सचं नाव नाही. आणि त्याच काळातला युरोपचा कुठलाही नकाशा उघडा, फ्रान्स वेगळाच दिसेल.