कान दुखत नसला तरी दाखवायचा का?

‘मूल ठणठणीत असलं तरी दर दोन-तीन महिन्यांनी कान तपासून, मळ काढून घ्या’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. काळजीपोटीच दिलेला, पण गरजेचा नाही.

कानाच्या नळीतली त्वचा पडद्याकडून हळूहळू बाहेर सरकते आणि मळही सोबत आणते. कापसाची काडी घातली की तोच मळ उलटा आत दाबला जातो.

बरं, तपासलंच तर? रडणाऱ्या मुलाचा पडदा नुसत्या रडण्यानेही लाल दिसतो. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठतं, ते बहुतेकदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. अशा वेळी त्यालाच जंतुसंसर्ग समजून नको असलेलं अँटिबायोटिक पोटात जायची शक्यता वाढते.

नवजात बाळाची श्रवणचाचणी मात्र वेगळी. ती प्रत्येक बाळाची व्हायलाच हवी.

घरी काय बघाल? मूल खेळात असताना मागून, हळू आवाजात नाव घ्या. वळतं का? एकदा नाही वळलं तर घाबरू नका, खेळात रमलेलं असेल. पण वारंवार तसंच होत असेल, टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल, बोलणं मागे पडत असेल किंवा कान वाहत असेल, तर दुखत नसला तरी डॉक्टरांना दाखवाच.