संशोधनाचा पैसा आणि ऊर्जेची मॉडेलं

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेलउत्पादक देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांतच बॅरलचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. त्या धक्क्यानं श्रीमंत देशांनी ऊर्जा-संशोधनाची तिजोरी उघडली. कोळशापासून तेल, ब्रीडर अणुभट्ट्या (जाळतात त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या), सौरऊर्जा, अणुसंलयन (हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा काढणं) असे सगळेच पैसे मागायला उभे होते, आणि आपलंच तंत्रज्ञान देशाला कसं तारेल याचं गणित प्रत्येकाच्या खिशात होतं. पण या गणितांची गृहीतकं वेगळी, एककं वेगळी. शेजारी-शेजारी ठेवून ती ताडून पाहायची सोय नव्हती.

ती सोय न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाली. केनेथ हॉफमन आणि सहकाऱ्यांनी सबंध देशाच्या ऊर्जेचा एक नकाशाच मांडला. डावीकडे कोळसा, तेल, युरेनियम. उजवीकडे उजेड, उबदार घर, धावणारी गाडी. मधल्या प्रत्येक रेषेवर कार्यक्षमता आणि गळती. यात खरी गोम उजव्या बाजूची आहे. माणसाला कोळसा नको असतो, ऊब हवी असते. म्हणजे नवी भट्टी आणि भिंतीतलं उष्णतारोधक अस्तर हे एकाच कामासाठीचे प्रतिस्पर्धी ठरतात. या नकाशावर लिनिअर प्रोग्रॅमिंग नावाचं गणित चढवलं (ते सोडवायची जॉर्ज डँट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत १९४७ पासून हाताशी होतीच) की सगळ्या गरजा भागवणारा सर्वांत स्वस्त मार्ग संगणक शोधून देतो.

१९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. सदस्य देशांचं संशोधन एका धोरणानं चालावं, यासाठी तिला असंच साधन हवं होतं. त्यातून ब्रुकहेवन आणि जर्मनीतल्या युलिश इथल्या प्रयोगशाळांनी मिळून ‘मार्कल’ हे मॉडेल घडवलं. पुढे ते हवामानधोरणासाठी गाजलं, त्यामुळे त्याचा जन्म संशोधनाच्या निधीच्या प्रश्नातून झाला हे आता फारसं कुणाच्या लक्षात नसतं. रीत सोपी होती: एखादं तंत्रज्ञान धरून मॉडेल चालवा, मग ते वगळून चालवा. एकूण खर्चात जो फरक पडेल ती त्या तंत्रज्ञानाची किंमत.

पण ही किंमत ते तंत्रज्ञान जमलं तरची. ते जमेल का, आणि किती पैसे ओतल्यावर जमेल, याबद्दल मॉडेल अवाक्षर काढत नाही. २०३० मधला सौर पॅनेलचा भाव मॉडेलला बाहेरून सांगावा लागतो, आणि संशोधनाचा निधी वाटणाऱ्याला नेमका तोच भाव कसा खाली येईल हे जाणून घ्यायचं असतं. पुढच्या चार दशकांतली बरीचशी धडपड ही एवढी एक कडी जोडण्यासाठी आहे.

बाहेरून दिलेले आकडे किती बोलतात, हे १९८४ मध्ये चव्हाट्यावर आलं. ऑस्ट्रियातल्या लाक्सेनबुर्ग इथल्या ‘इयासा’ या संस्थेनं १९८१ मध्ये जगाच्या ऊर्जेचा भलामोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यातल्या भविष्यचित्रांत ब्रीडर अणुभट्ट्यांना मोठं स्थान होतं. संशोधक बिल कीपिन यांनी या अभ्यासातली मॉडेलं तपासली, तेव्हा निष्कर्ष जवळपास आकड्यांतच लिहिलेले निघाले. खर्चाची गृहीतकं जरा हलवली की चित्र पालटत होतं. आडात नाही ते पोहऱ्यात येणार कुठून? लिनिअर प्रोग्रॅमिंगचा स्वभावही याला हातभार लावतो. एक तंत्रज्ञान दुसऱ्यापेक्षा एका पैशानंही स्वस्त पडलं, तर मर्यादा घातली नसेल तिथे ते सगळं काम त्यालाच देऊन मोकळं होतं.

कडी जोडायचा पहिला दमदार प्रयत्न विमानांच्या कारखान्यातून आलेल्या कल्पनेवर उभा होता. एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर नगाचा खर्च ठरावीक टक्क्यांनी उतरतो, हे थिओडोर राइट यांनी १९३६ मध्ये दाखवलं होतं. सौर पॅनेलसाठी ही घट दर दुपटीला साधारण २० टक्के येते. १९९७ मध्ये इयासाच्याच साबिने मेसनर यांनी या घसरणीचा वक्र ऊर्जा-मॉडेलच्या पोटात बसवला. मग मॉडेल आज महाग असलेली वस्तूही विकत घेऊ लागलं, कारण घेतल्यानंच ती पुढे स्वस्त होणार होती. गणित मात्र अवघड झालं. शिवाय करून शिकणं आणि प्रयोगशाळेत शोधून शिकणं यांचे वाटे वेगळे काढणं आजही कठीणच आहे.

दरम्यान अमेरिकेत १९९३ च्या कायद्यानं सरकारी खात्यांना कामाचे परिणाम मोजून दाखवणं भाग पडलं. ऊर्जाखात्याचे संशोधन-कार्यक्रम आपले भावी फायदे मॉडेलमधून काढू लागले. माझ्या मते इथे मॉडेल निवड करण्यापेक्षा समर्थनाच्या कामी जास्त आलं, कारण कार्यक्रमाची उद्दिष्टं साध्य होतील हे सहसा धरूनच चाललेलं असे. २००१ मध्ये तिथल्याच राष्ट्रीय संशोधन परिषदेनं उलट दिशेनं, म्हणजे मागे वळून, हिशेब केला. १९७८ पासून ऊर्जा-कार्यक्षमतेच्या संशोधनावर गेलेले साधारण ७ अब्ज डॉलर आणि मिळालेला निव्वळ फायदा सुमारे ३० अब्ज. त्यातला बहुतेक वाटा तीन साध्याशा गोष्टींचा होता: फ्रिजचे सुधारित कॉम्प्रेसर, ट्यूबलाइटचे इलेक्ट्रॉनिक चोक आणि उष्णता अडवणारी खिडकीची काच.

मग अनिश्चितताच मॉडेलमध्ये घालायची पद्धत रुळली. हार्वर्डच्या २०११ च्या अभ्यासात तज्ज्ञांना विचारलं गेलं: निधी एवढा वाढवला, तर २०३० मध्ये खर्च कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये असेल? ती उत्तरं ‘मार्कल’मध्ये शेकडो वेळा फिरवून निधीची वाटणी सुचवली गेली. ब्रिटनमध्ये २००७ साली सरकार आणि उद्योगांनी मिळून उभारलेल्या एनर्जी टेक्नॉलॉजीज इन्स्टिट्यूटनंही ‘एस्मे’ हे असंच संभाव्यतेवर चालणारं मॉडेल वापरून आपले प्रकल्प पारखले.

तज्ज्ञांच्या या अंदाजांची तपासणीही झाली. २०२१ च्या एका अभ्यासानं तज्ज्ञांची उत्तरं आणि जुन्या आकड्यांवरून काढलेले वक्र, दोन्ही २०१९ च्या प्रत्यक्ष खर्चाशी ताडून पाहिले. वक्र जरा जवळ होते. पण सौरऊर्जेची घसरण दोघांनाही पुरती दिसलेली नव्हती.