उतरणे आणि पडणे: इंग्रजीतील अधोगामी क्रियापदे

अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या इंग्रजी शब्दसंग्रहांत समानार्थी शब्दांच्या याद्या हमखास असतात आणि फॉल, ड्रॉप, डिसेंड, सिंक, प्लंज, प्लमेट अशी क्रियापदे त्यांत एका ओळीत बसवलेली आढळतात. स्पर्धा परीक्षेच्या पाठांतराला अशी ओळ सोयीची असली, तरी भाषाविज्ञानाच्या दृष्टीने ती दिशाभूल करणारी आहे. या क्रियापदांत सामाईक असते ती केवळ खालची दिशा. हालचाल कोणाच्या ताब्यात आहे, ती कशातून होते आणि किती वेगाने होते, याविषयी प्रत्येक क्रियापद वेगळे काही सांगत असते.

यांतला सर्वांत खोल भेद ताब्याचा आहे. जिना उतरणारा माणूस प्रत्येक पायरीवर आपला तोल स्वतः सांभाळत असतो, तर जिन्यावरून पडणाऱ्या माणसाचे शरीर गुरुत्वाकर्षणाच्या स्वाधीन झालेले असते. हीच विभागणी इंग्रजीत एकीकडे डिसेंड आणि ‘गो डाउन’, तर दुसरीकडे फॉल यांच्यात दिसते. ‘आजी जपून जिना उतरल्या’ हे वाक्य सहज वाटते, पण ‘आजी जपून जिन्यावरून पडल्या’ हे कोणी म्हणणार नाही. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड पर्लमटर यांनी १९७८ मध्ये असे मांडले, की अकर्मक क्रियापदे एकजिनसी नसतात: काहींचा कर्ता खरोखर काही करत असतो, तर काहींचा कर्ता केवळ नावाचा असतो आणि क्रिया त्याच्यावरच घडत असते. फॉल हे या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे.

त्यानंतर माध्यमाचा विचार येतो. सिंक या क्रियापदाला भोवती पाणी, चिखल किंवा भुसभुशीत जमीन असे काहीतरी लागते. नाव पाण्यात जाते, गाडीचे चाक चिखलात जाते आणि इमारतीचा पाया जमिनीत जातो, तेव्हा इंग्रजीला हे एकच क्रियापद पुरते. मराठी मात्र अनुक्रमे बुडणे, रुतणे आणि खचणे असे तीन वेगळे शब्द वापरते. द्रवांच्या बाबतीत तर मराठीची श्रीमंती थक्क करणारी आहे, कारण ठिबकणे, ओघळणे, निथळणे, झिरपणे आणि गळणे यांपैकी कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागी ठेवला, तर डोळ्यांपुढचे चित्रच बदलते. उलट वेगाच्या छटा दाखवताना इंग्रजी फार काटेकोर असते. शेअरचा भाव थोडा खाली आला तर तो ‘स्लिप’ होतो, वेगाने आणि खोलवर गेला तर ‘प्लमेट’ होतो, आणि आपली वृत्तपत्रेही ‘घसरला’ व ‘कोसळला’ असा भेद करतात तो याच जाणिवेने.

माहितीची ही वाटणी प्रत्येक भाषेत निराळी का होते, याचे सर्वांत प्रभावी विवेचन अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड टाल्मी यांनी १९८५ मध्ये केले. हालचालीच्या वर्णनात मार्ग (कुठून कुठे, कोणत्या दिशेने) आणि रीत (कशा प्रकारे) असे दोन घटक असतात. इंग्रजी सहसा रीत क्रियापदात घालते आणि मार्ग ‘डाउन’सारख्या छोट्या शब्दावर सोपवते, स्पॅनिश मार्ग क्रियापदात ठेवते आणि रीत हवी असेल तर वेगळी जोडते. मराठीची ठेवण पुष्कळशी स्पॅनिशसारखी आहे. ‘ती सिंहगड धावत उतरली’ या वाक्यात उतरणे हे मुख्य क्रियापद मार्ग सांगते आणि ‘धावत’ ही रीत ऐच्छिक राहते, तर इंग्रजी वक्ता धावण्यालाच मुख्य क्रियापद करतो आणि गड उतरणे ‘डाउन’ या एका शब्दात आटोपतो. भाषा आणि मन यांचा अभ्यास करणारे डॅन स्लोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दविरहित चित्रांची एकच गोष्ट वेगवेगळ्या भाषांच्या मुलांकडून व प्रौढांकडून सांगून घेतली. तीत मुलगा आणि कुत्रा कड्यावरून पाण्यात पडतात, असा प्रसंग आहे. इंग्रजी बोलणारे एकाच क्रियापदाला कडा, खालची दिशा आणि पाणी असे अनेक टप्पे जोडत गेले. स्पॅनिश बोलणाऱ्यांकडून एका क्रियापदामागे असे कमी टप्पे आले आणि स्थळाचे वर्णन अधिक आले.

पुण्यात बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीत या भेदाची खूण रोज ऐकू येते. स्वारगेटला बसमधून उतरायचे असले, की आपण ‘गेट डाउन’ म्हणतो, कारण मराठीत बस, घोडा, गड आणि ताप या सगळ्यांसाठी उतरणे चालते. ब्रिटनमध्ये बसमधून ‘गेट ऑफ’ होतात, मोटारीतून ‘गेट आउट’ होतात आणि सूचनाफलकावर ‘अलाइट’ लिहिलेले असते. तिथे वाहन सोडण्याला महत्त्व आहे, खाली येण्याला नाही. ‘गेट डाउन’ हा भारतीय इंग्रजीतला रूढ प्रयोग आहे आणि त्याला चूक ठरवण्यापेक्षा त्यामागचे उतरणे ओळखणे मला अधिक मोलाचे वाटते.

शब्दांच्या इतिहासातही बरेच काही दडलेले आहे. फॉल, ड्रॉप आणि सिंक हे जुन्या इंग्रजीतले घरचे शब्द आहेत. डिसेंड आणि प्लंज हे १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंचमार्गे आले, म्हणून डिसेंडला आजही औपचारिक वजन आहे. प्लंज आणि प्लमेट या दोन्हींच्या मुळाशी शिशासाठीचा लॅटिन शब्द प्लंबम आहे, कारण पाण्याची खोली मोजायला दोरीला शिसे बांधून सोडत असत. डिसेंडमधला मूळ लॅटिन धातू चढण्याचा आहे आणि तो संस्कृत ‘स्कन्द्’शी नात्याने जोडलेला आहे. आपले उतरणे संस्कृत ‘उत्तरति’पासून आले आणि त्यातला ‘उत्’ चक्क वरची दिशा दाखवतो; पाण्यातून वर येऊन काठाला लागणे या अर्थातून नावेतून उतरणे आणि पुढे कुठूनही खाली येणे असा त्याचा प्रवास झाला.

फॉल आणि ड्रॉप यांच्यातला रोजचा घोटाळाही इतिहासानेच सुटतो. मराठीत पडणे–पाडणे, गळणे–गाळणे अशा जोड्या स्वर दीर्घ करून होतात आणि त्यांचा वारसा संस्कृत ‘पतति–पातयति’पर्यंत जातो. इंग्रजीतही फॉलची अशी जोडी होती व आहे: ‘फेल’ (fell; नापास होण्यातले ‘फेल’ नव्हे), म्हणजे पाडणे. मात्र तिचा वापर आता मुख्यतः झाड तोडून पाडण्यापुरता आणि एखाद्याला फटक्याने लोळवण्यापुरता उरला आहे. त्यामुळे हातातला कप पाडला हे सांगताना इंग्रजीला ड्रॉपकडे वळावे लागते, कारण ड्रॉप पडणे आणि पाडणे ही दोन्ही कामे रूप न बदलता करते, आणि फॉलला मात्र आजच्या प्रमाण इंग्रजीत असे कर्म घेता येत नाही.