पेट-सीटी अहवाल

कर्करोगाचे निदान झाल्यावर तो शरीरात कुठवर पसरला आहे हे पाहण्यासाठी पॉझिट्रॉन उत्सर्जन छेददर्शन (पेट) व संगणकीय छेददर्शन (सीटी) एकत्र करतात. त्या तपासणीचा लेखी निष्कर्ष म्हणजे हा अहवाल. रोगाची पायरी (स्टेज) ठरवताना त्याचा आधार घेतला जातो.

कर्कपेशी साखर अधिक ओढतात, हे ओटो वारबुर्ख यांचे १९२० च्या दशकातील निरीक्षण या तपासणीच्या मुळाशी आहे. साखरेसारखा किरणोत्सारी पदार्थ एफडीजी १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रथम माणसाला टोचला गेला. संयुक्त यंत्राच्या श्रेयाबाबत मतभेद आहेत. काही लेखक ब्रूस हासेगावा यांच्या १९९० च्या दशकारंभीच्या कामाकडे बोट दाखवतात. परंतु ते यंत्र स्पेक्ट-सीटी प्रकारचे, म्हणजे पेटऐवजी एकेरी फोटॉन टिपणाऱ्या स्पेक्ट तंत्राला सीटी जोडलेले होते. त्यामुळे डेव्हिड टाउनसेंड व रॉन नट यांचे पिट्सबर्ग येथील १९९८ चे नमुनायंत्रच पहिले धरणे अधिक सयुक्तिक वाटते. भारतात पेट तपासणी २००२ च्या सुमारास मुंबईतील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाली.

खानदेशच्या दृष्टीने एफडीजीतील किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल (किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा वेळ) महत्त्वाचा ठरतो. तो सुमारे ११० मिनिटे असल्याने मुंबईहून रस्त्याने सात-आठ तासांनी जळगावला पोचलेल्या मात्रेत मूळ किरणोत्साराचा जेमतेम पाच ते सात टक्के अंश उरतो. म्हणून औषध रुग्णाकडे आणण्यापेक्षा रुग्णाने नाशिक किंवा मुंबई गाठणे अनेकदा सोयीचे पडते. हाडांच्या स्कॅनला लागणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चा अर्धायुकाल सुमारे सहा तास असून ते जनित्रातून (मूळ किरणोत्सारी द्रव्य साठवलेल्या उपकरणातून) जागेवरच काढता येते; त्याची अडचण त्यामानाने कमी.

अहवालातील 'एसयूव्ही' हा आकडा, म्हणजे टोचलेले औषध एखाद्या जागी किती साठले याचे प्रमाण, नातेवाइकांना सर्वांत जास्त घोर लावतो. टोचलेले औषध अंगभर सारखे पसरले असते तर तो सर्वत्र साधारण १ आला असता. २.५ ही सीमारेषा फुप्फुसातील गाठींच्या अभ्यासांतून रूढ झाली. ती सरसकट लावणे आता बहुतेकांना मान्य नाही. रक्तशर्करा, वजन, टोचल्यानंतरचा वेळ आणि यंत्र यांनुसार आकडा बदलतो. क्षयाच्या गाठीही ठळक चमकतात, त्यामुळे क्षय आढळणाऱ्या भागात केवळ 'एफडीजी ॲव्हिड' (एफडीजी जास्त ओढणारे) या शेऱ्यावरून कर्करोगाचा प्रसार झाला असे मानता येत नाही. शंका असेल तिथे तुकडा तपासणेच (बायॉप्सी) निर्णायक. मेंदू, मूत्रपिंडे व मूत्राशय निरोगी माणसातही उजळ दिसतात, हृदयही अनेकदा दिसते. थंडीत मानेभोवतीची, उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी चमकते. खानदेशातील पौषाच्या गारठ्यात प्रवास करून आलेल्या रुग्णाला म्हणूनच टोचण्यापूर्वी व नंतर उबेत ठेवतात. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने आतडे उजळते.

तपासणीपूर्वी साधारण सहा तास उपाशी राहावे लागते; पाणी चालते. चहा-बिस्किट किंवा वाटेत घेतलेले केळे पोटात गेले, तर तपासणी पुढे ढकलली जाऊ शकते. सोबतच्या नवऱ्याने अथवा बायकोने मधुमेहाची औषधे, पूर्वीची शस्त्रक्रिया, केमोथेरपीची तारीख आणि क्षयाचा इतिहास आधीच सांगणे उपयुक्त असते. तपासणीनंतर काही तास गरोदर स्त्रिया व लहान मुलांपासून रुग्णाला अंतर राखायला सांगतात. एकत्र कुटुंबात याची व्यवस्था आधी लावावी लागते.

अहवाल सहसा इंग्रजीत असतो. शेवटचा 'इम्प्रेशन' हा परिच्छेद आधी वाचला जातो, परंतु आधीच्या स्कॅनशी तुलना मधल्या मजकुरात असते. जुन्या स्कॅनची सीडी सोबत नसेल, तर ती तुलना होऊ शकत नाही.