याचे इंजिन कोठे आहे?

मध्यंतरी एका वृत्तवाहिनीवर डोंगरकड्यावरून झेपावणाऱ्या हँग ग्लायडरचे दृश्य दाखवले जात होते आणि पडद्याच्या खालच्या पट्टीत ‘गुरुत्वाकर्षणावर मात’ असे शब्द सरकत होते. गुरुत्वाकर्षणावर कोणीच मात करत नाही, हँग ग्लायडर तर मुळीच नाही. खरे पाहता हे बिनइंजिनाचे यान सतत पडतच असते आणि त्या पडण्यातूनच त्याला पुढे जाण्याचा वेग मिळतो. मग ते कड्यावर तासभर टिकते कसे?

बुलढाणा जिल्ह्यात ‘तुम्ही घाटावरचे की घाटाखालचे’ हा प्रश्न ओळख होताच विचारला जातो. अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड येथे उत्तरेकडे तोंड करून उभी आहे आणि तिच्या पायथ्यापासून पूर्णेचे सपाट खोरे सुरू होते. होळीच्या सुमारास या खोऱ्यावरून वायव्येचा कोरडा वारा वाहू लागतो. अशाच एका दिवशी, बाहेरगावी हे उड्डाण शिकून आलेल्या माझ्या भाच्याबरोबर मी या कडेवर सकाळपासून बसलो होतो. दिवसातील बहुतेक वेळ वाट पाहण्यात गेला. सकाळी बाभळीच्या फांदीला बांधलेली चिंधी हलत नव्हती. भर दुपारी तापलेल्या काळ्या वावरांतून गरम हवेचे लोट उठू लागले आणि धुऱ्याधुऱ्याने वावटळी फिरू लागल्या, त्यामुळे तीही वेळ बाद झाली. साडेचारनंतर वारा एकसारखा वाहू लागला. भाच्याने वाळलेल्या गवताची मूठ कड्याबाहेर सोडली, तेव्हा ते गवत खाली न जाता आमच्या डोक्यावरून मागे उडून गेले. तो लगेच पट्टे आवळू लागला.

शेळ्या घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो पंख भोवती फिरून नीट न्याहाळला आणि विचारले, “मास्तर, याचं इंजिन कोठी आहे?” प्रश्न अगदी रास्त होता. ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेले कापड, सगळे मिळून वजन तीस किलोच्या आसपास, आणि खाली पट्ट्यांनी टांगलेला माणूस. समोरचा दांडा धरून तो आपले शरीर पुढेमागे किंवा डावीउजवीकडे सरकवतो आणि तेवढ्याने पंखाचा वेग व दिशा बदलते. स्थिर हवेत हे यान सेकंदाला सुमारे दहा मीटर पुढे जाते आणि तेवढ्या वेळात साधारण एक मीटर खाली येते.

आता विहिरीतून बादली ओढली जात असताना दोरावरून खाली उतरणारी मुंगी डोळ्यांसमोर आणावी. मुंगी प्रामाणिकपणे खालीच चाललेली असते. पण दोर तिच्या चालीपेक्षा वेगाने वर येत असेल, तर ती काठावर पोहोचते. हँग ग्लायडर म्हणजे ती मुंगी आणि वर चढणारी हवा म्हणजे तो दोर. सपाटीवरून आलेल्या वाऱ्याला डोंगर आडवा येतो, त्याला जमिनीत शिरता येत नाही, म्हणून तो उतारावरून वर चढतो. येथे थोडे त्रिकोणमिती करणे भाग आहे, कारण सगळी गंमत आकड्यांत आहे. वारा सेकंदाला 7 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 25 किलोमीटर आहे असे समजू. कड उत्तराभिमुख आणि वारा वायव्येचा, म्हणजे तो 45 अंशांनी तिरपा येतो. कडेला काटकोनात असलेला त्याचा भाग 0.71 पट, म्हणजे सुमारे 5 मीटर भरतो. उताराचा कोन 25 अंश धरला, तर त्याची ज्या (साइन) 0.42 आहे, म्हणून हवेचा वर जाणारा वेग 5 गुणिले 0.42, म्हणजे सेकंदाला 2.1 मीटर येतो. त्यातून पंखाचे स्वतःचे 1 मीटर पडणे वजा केले, तर सेकंदाला 1.1 मीटर चढण हाती उरते. वारा थेट उत्तरेचा असता, तर हीच चढण जवळजवळ दुप्पट झाली असती.

ही चढण अमर्याद नसते. उंच जावे तसा वाऱ्याचा प्रवाह पुन्हा आडवा होत जातो आणि एका उंचीवर हवेचा वर जाणारा वेग बरोबर सेकंदाला 1 मीटर उरतो. तेथे यान ना चढते ना उतरते. प्रवाह असा फक्त कडेसमोरच्या अरुंद पट्ट्यात चढत असल्यामुळे उडणाऱ्याला त्या पट्ट्यातच येरझारा घालाव्या लागतात. पूर आलेल्या नदीत समोरच्या काठाला लागू पाहणारा पोहणारा जसे वरच्या अंगाला तोंड ठेवतो, तसेच यानाचे नाक वाऱ्याकडे वळवलेले असते आणि यान कडेच्या बाजूने तिरपे सरकत जाते. वळण मात्र नेहमी कड्यापासून दूर, वाऱ्याच्या दिशेला तोंड करून घ्यायचे असते. 7 मीटरचा वारा थेट कड्यावर येत असेल, तर त्याच्यासमोर तोंड केलेले यान जमिनीच्या हिशेबाने सेकंदाला 3 मीटरच सरकते. तेच कड्याकडे वळले तर 17 मीटरच्या वेगाने खडकावर जाऊन आदळेल.

कडेच्या मागच्या बाजूचा विषय वेगळा आहे. दख्खनचा बसाल्ट पायऱ्यापायऱ्यांनी झिजलेला असल्यामुळे येथील माथ्याला गोलाई नसते, धार असते; वारा त्या धारेवर जमीन सोडतो आणि मागे हवेचा आडवा भोवरा फिरू लागतो, ज्यात तळाचा वारा चक्क उलटा वाहतो. आमच्या माहितीतील एका माथ्यामागे जुने खळे होते. उफणताना तेथील भुसा उडवणाऱ्याच्याच तोंडावर येई, म्हणून त्या जागी मुंजा असल्याचे सांगितले जाई आणि नारळ फोडला जाई. नारळाने वाऱ्याची दिशा कधी बदलली नाही. खळे दोनशे पावले पुढे नेल्यावर भुसा सरळ उडू लागला आणि त्याचे श्रेय मात्र मुंजाच्या शांतीला गेले. हँग ग्लायडर चालवणारे या भोवऱ्याला मुंजापेक्षा अधिक भितात, आणि ते योग्यच आहे.

इंजिनाचा प्रश्न तरी राहतोच. माणूस आणि यान मिळून 100 किलो वजन दर सेकंदाला 1 मीटर उचलून धरायचे, तर सुमारे 980 वॅट, म्हणजे 1.3 अश्वशक्ती लागते. विहिरीवरील तीन अश्वशक्तीच्या मोटारीच्या निम्म्यापेक्षाही हे कमी आहे. पण दिवसभर राबणारा माणूस सरासरी 75 वॅटच्या आसपासच काम करू शकतो, त्यामुळे हात फडफडवून उडण्याचा नाद सोडलेला बरा. ही 1.3 अश्वशक्ती वारा पुरवतो, आणि वाऱ्याला ती असमान तापलेल्या जमिनीमुळे सूर्याकडून मिळते. घारीने हे फार पूर्वीच ओळखले आहे. इंजिनाचे विमान उडवून दाखवणाऱ्या राइट बंधूंपैकी ऑरविल यांनी 24 ऑक्टोबर 1911 रोजी अमेरिकेत वाळूच्या टेकडीवरील अशाच चढत्या वाऱ्यात, बिनइंजिनाच्या यानात, 9 मिनिटे 45 सेकंद काढली, आणि तो विक्रम सुमारे दहा वर्षे टिकला.

भाचा सव्वा तास वर होता. चारपाच येरझारांपर्यंत एक घार त्याच्या पुढेच होती. तिचे पंख हलत नव्हते, फक्त शेपूट किंचित कलत होती. सूर्य खाली गेला तसा वारा मंदावला. माझ्या हातातील छोट्या वारामापकावर 3 मीटर दिसू लागले, म्हणजे वरच्या हिशेबाने हवेचे वर जाणे 0.9 मीटरचे आणि पंखाचे पडणे 1 मीटरचे. पुढच्याच फेरीत यान माथ्याच्या खाली दिसू लागले. भाच्याने नाक खोऱ्याकडे केले आणि तो घाटाखाली, हरभरा काढून मोकळ्या झालेल्या एका वावरात, दांडा जोरात पुढे ढकलून चार पावलांत उभा राहिला.