व्हिनिअरचा रंग बदलण्यामागची पार्श्वभूमी

दातांच्या दर्शनी भागावर बसवायचे पातळ आवरण, म्हणजे व्हिनिअर, मूळचे हॉलिवूडचे. १९२८ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी नटनट्यांसाठी केलेली आवरणे कवळी चिकटवण्याच्या पावडरीने तात्पुरती चिकटवली जात आणि चित्रीकरण संपले की काढली जात. चहा-कॉफीच्या डागांची चिंता करावी, इतका वेळ ती तोंडात राहतच नसत.

ही चिंता सुरू झाली ती आवरण पक्के बसू लागल्यावर. फॉस्फोरिक आम्लाने खरबरीत केलेल्या इनॅमलला, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य थराला, रेझिन (प्लॅस्टिकसारखे घट्ट होणारे द्रव्य) पक्के धरते, हे दंतसंशोधक मायकेल ब्युनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले. त्यानंतर संशोधक राफेल बोवेन यांचे बिस-जीएमए नावाचे रेझिन आले आणि १९७० च्या दशकात ॲक्रेलिकची तयार व्हिनिअर व दातावरच घडवलेले कंपोझिट (बारीक पूड मिसळलेले रेझिन), असे दोन पर्याय दंतवैद्यांच्या हाती आले. दोन्हींचा रंग टिकेना. रेझिन लाळेतले पाणी शोषते आणि पाण्याबरोबर रंगद्रव्येही आत मुरतात. पॉलिश उतरलेल्या पृष्ठभागावर तर ती लवकर धरतात. असा वरवरचा डाग पुन्हा पॉलिश केल्यावर बराचसा जातो. रासायनिक क्रियेने घट्ट होणाऱ्या कंपोझिटमधील अमाइनचे (घट्ट होण्याच्या क्रियेला चालना देणाऱ्या रसायनाचे) ऑक्सिडीकरण होऊन आतून येणारा पिवळेपणा मात्र घासून जात नाही, आणि रुग्णाने कितीही पथ्य पाळले तरी तो टळत नाही. आपल्याकडे यात हळदीची भर पडते: तिच्यातील कर्क्युमिन पाण्यात फारसे विरघळत नसले तरी रेझिनमध्ये सहज शिरते. चहाला दोष देताना आपण रोजच्या आमटीला विसरतो.

हायड्रोफ्लोरिक आम्लाने पोर्सेलीनच्या (चिनी मातीसारख्या सिरॅमिकच्या) व्हिनिअरची आतली बाजू खरबरीत करून ते रेझिनने दाताला जोडण्याचे तंत्र दंतसंशोधक सिमन्सन आणि कॅलामिया यांनी १९८३ मध्ये मांडले, तेव्हा डागांचा प्रश्न बराचसा मिटल्यासारखा वाटला, कारण चकाकी शाबूत असलेल्या पोर्सेलीनमध्ये रंग मुरत नाही. पण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोर्सेलीनमधून खालचे, आवरण दाताला चिकटवणारे सिमेंट दिसते, आणि तेही रेझिनचेच. शिवाय कडेला उघडी राहिलेली सिमेंटची बारीक रेघ कालांतराने तपकिरी पडते. त्यामुळे पातळ व्हिनिअरखाली केवळ प्रकाशाने घट्ट होणारे, अमाइनचे प्रमाण कमी असलेले सिमेंट पसंत केले जाते. आवरण जाड किंवा अपारदर्शक असेल, तर प्रकाश खालपर्यंत पुरेसा पोचत नसल्याने रासायनिक क्रियेचीही जोड असलेले सिमेंट वापरावे लागते.