निम्मा आवडलेला चित्रपट आणि बाहुल्यांमागचे हात

२० मे २००५ च्या शुक्रवारी अमेरिकेत एबीसी वाहिनीवर ‘द मपेट्स विझर्ड ऑफ ऑझ’ दाखवला गेला. मपेट्स म्हणजे जिम हेन्सनच्या हातबाहुल्या. त्या डिस्नेच्या ताब्यात गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिला चित्रपट, तोही थिएटरसाठी नव्हे, टीव्हीसाठी. मी तो पुष्कळदा पाहिला आहे आणि दर वेळी निम्माच आवडला आहे. जे टोचतं त्याची मुळं चित्रपटाच्या आधीच्या पंधरा वर्षांत आहेत, आणि त्याहीपूर्वी कर्मिट या बेडूक-बाहुल्याच्या डोक्यात.

कर्मिटच्या डोक्यात कसलंही यंत्र नाही. जिम हेन्सननं १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका टीव्ही कार्यक्रमासाठी आईच्या जुन्या हिरव्या कोटाच्या कापडातून तो शिवला आणि डोळ्यांना पिंगपाँगच्या चेंडूचे दोन अर्धे लावले. कापड पातळ आणि खाली माणसाची मूठ, बस्स. कर्मिट ओशाळतो किंवा ओठ दाबून गप्प बसतो, तेव्हा दिसतो तो त्या मुठीचा आकार. हेन्सननं बाहुल्यांचा रंगमंचही काढून टाकला. टीव्हीची चौकट हाच मंच मानला. कलाकार चौकटीखाली, हात डोक्यावर उंच आणि नजर मॉनिटरवर. रामदास पाध्यांच्या बोलक्या बाहुल्या पाहत आपण वाढलो. तिथे बाहुलीशेजारी बोलविता धनी समोर दिसतो. मपेट्समध्ये तो दिसतच नाही, त्यामुळे हात बदलला की प्रेक्षकाला कारण कळत नाही. बाहुली तीच, पण काहीतरी वेगळं वाटत राहतं.

१६ मे १९९० रोजी हेन्सन गेला, वयाच्या ५३ व्या वर्षी, जिवाणूच्या झपाट्यानं पसरणाऱ्या संसर्गानं. त्याआधी १९८९ मध्ये मपेट्स डिस्नेला विकण्याचा करार जाहीर झाला होता, पण त्याच्या मृत्यूनंतर १९९० च्या अखेरीस बोलणी फिसकटली. कर्मिट स्टीव्ह व्हिटमायरच्या हाती आला. हेन्सनची कंपनी त्याच्या मुलांनी चालवली. २००० मध्ये ती ईएम.टीव्ही या जर्मन कंपनीला ६८ कोटी डॉलरना विकली गेली. त्या जर्मन कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली तेव्हा, २००३ मध्ये, मुलांनी ती त्या रकमेच्या एका छोट्या हिश्श्यात परत घेतली आणि २००४ मध्ये मपेट्स शेवटी डिस्नेला दिले. तोवर मिस पिगी ही डुकरीण आणि फॉझी हा अस्वल, या फ्रँक ऑझ हा कलाकार चालवत असलेल्या बाहुल्यांत एरिक जेकबसनचा हात आला होता. घर बदललं, मालक बदलले आणि घरातली माणसंही बदलली. अशा वेळी हा चित्रपट आला, हेन्सनच्या पंधराव्या स्मृतिदिनानंतर चारच दिवसांनी.

दिग्दर्शक कर्क थॅचर मात्र मपेट्सच्या घरातलाच माणूस. त्यानं एक गोष्ट फार मनापासून केली: याच गोष्टीवरच्या १९३९ च्या गाजलेल्या चित्रपटामागे न जाता तो एल. फ्रँक बॉमच्या १९०० च्या पुस्तकाकडे गेला. म्हणून ऑझ या जादूच्या देशात पोचलेल्या डोरोथीच्या पायात माणकांचे नव्हे, चांदीचे जोडे आहेत. १९३९ मध्ये ते माणकांचे झाले होते ते टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या तंत्रात लाल रंग उठून दिसावा म्हणून. पुस्तकात चेटकिणी चार आहेत, इथेही चार, आणि चारही मिस पिगीच. वाघाचं डोकं आणि अस्वलाचं धड असलेले कालिडाह जुन्या चित्रपटात नव्हतेच. इथे स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ हे दोन खोडकर म्हातारे त्या रूपात येतात. पुस्तक वाचलेल्या माणसाला हे पाहून जो आनंद होतो तो अस्सल आहे. मायकेल जियाकिनोचं संगीतही जोमदार आहे.

आता उरलेला निम्मा. गायिका अशांतीची डोरोथी ‘प्रसिद्ध व्हायचंय’ म्हणत निघते, अफूच्या फुलांच्या शेताऐवजी नाइटक्लब येतो, दिग्दर्शक क्वेन्टिन टॅरंटिनो पाहुणा म्हणून येऊन जातो. या गोष्टी २००५ मध्येच अडकून पडल्या आहेत. पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. १९७६ पासून ‘द मपेट शो’चा कणा होता कर्मिट आणि पिगीची चकमक. १९९२ च्या ख्रिसमसवरच्या चित्रपटात हेन्सन नसतानाही ती टिकली, कारण दोघं नवरा-बायको म्हणून एकाच जेवणाच्या टेबलावर बसले होते. इथे पिगी चार भूमिकांत वाटली गेली, कर्मिट बुजगावणं होऊन वाटेला लागला, आणि दोघांना एकमेकांसमोर उभं राहायला फारसा वेळच मिळाला नाही. एकत्र राहणाऱ्या मंडळींची गंमत ती मंडळी पांगवल्यावर येत नाही.

हाताचंही सांगतो. व्हिटमायरचा कर्मिट तोवर पंधरा वर्षांचा झाला होता, हेन्सनच्या कर्मिटपेक्षा हळवा, थोडा कमी चिडका. मला तो आवडतो. जेकबसनची पिगी मात्र या चित्रपटात अजून आवाज अचूक लावण्यातच गुंतलेली वाटते. तिचा संताप वरून येतो, आतून नाही. पुढे तोच कलाकार त्या भूमिकेत मुरत गेला, म्हणून २००५ ची पिगी पाहताना त्याच्याबद्दल मला आपुलकीच वाटते.

पिवळ्या विटांच्या रस्त्यावर डोरोथीसोबत चौघं चालतात: बुजगावणं कर्मिट, पत्र्याचा गोन्झो, भित्रा सिंह फॉझी आणि टोटो, म्हणजे गोष्टीतला डोरोथीचा कुत्रा, झालेला पेपे नावाचा कोळंबी. यांतला पेपे १९९६ चा, बिल बॅरेट्टानं घडवलेला आणि त्याच्याच हातातला. कर्मिट आणि फॉझीचे हात बदललेले. गोन्झोच्या नाकाडामागे मात्र ‘द मपेट शो’पासूनचा डेव्ह गोल्झ. २०१७ मध्ये कर्मिट पुन्हा हात बदलून मॅट व्होगलकडे गेला, आणि गोन्झो तेव्हाही गोल्झच्याच हातात राहिला. हा चित्रपट लावला की माझी नजर त्या रस्त्यावर आधी गोन्झोला शोधते.